घरातला कलह आणि चव्हाट्यावरची मुले

झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपले वडीलधारे सांगत आले. या म्हणीत घरातले दोष लपविण्याची शिकवण आहे असे कोणी म्हणेल. परंतु तिचा गाभा निराळा आहे. घर म्हटले की भांड्याला भांडे लागायचेच. तो आवाज उंबरठ्याच्या आत राहिला तर दिवेलागणीपर्यंत विरून जातो. वेशीपर्यंत गेला तर दुसऱ्या दिवशी दहा तोंडांनी दुप्पट होऊन परत येतो. आणि परत आल्यावर तो सर्वांत आधी कोणाच्या कानी पडतो? दप्तर घेऊन शाळेच्या वाटेने निघालेल्या मुलाच्या!

ही झाली आपल्या खेड्यातील गोष्ट. येथे वेस आहे, आणि वेशीपलीकडे ओळखीपाळखीची चार माणसे आहेत. परंतु जेथे वेसच उरली नाही, जेथे नवराबायकोचा तंटा लक्षावधी घरांच्या ओसरीवर एकाच वेळी पोहोचतो, तेथील मुलांचे काय होत असेल? ज्याला 'रिअ‍ॅलिटी शो' म्हणतात आणि ज्यात नटांऐवजी खरी माणसे आपले खरे आयुष्य कॅमेऱ्यापुढे जगतात, त्या करमणुकीने हा प्रश्न उभा केला आहे. घटना दूरच्या आहेत, अमेरिकेतील आहेत. पण त्यातून घ्यावयाचा बोध आपल्या दारापर्यंत येऊन ठेपला आहे. म्हणून हा विषय आज आम्ही वाचकांपुढे सविस्तर मांडीत आहोत.

पहिले घर

दूरदर्शनच्या पडद्यावर एका कुटुंबाची मोडतोड प्रथम दिसली ती १९७३ साली. कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा या गावी लाउड नावाचे एक सुखवस्तू कुटुंब राहत असे. पती बिल, पत्नी पॅट आणि पाच मुले. त्यांतील थोरला विशीत पोहोचलेला, तर धाकटी शाळकरी. क्रेग गिल्बर्ट नावाच्या निर्मात्याने १९७१ साली सुमारे सात महिने या घरात कॅमेरा ठेवला. सुमारे ३०० तासांचे चित्रण झाले आणि त्यातून १२ भागांची मालिका तयार करण्यात आली. तिचे नाव 'अ‍ॅन अमेरिकन फॅमिली', म्हणजे 'एक अमेरिकन कुटुंब'.

सुखी घराचे चित्र दाखवावे एवढ्याच हेतूने काम सुरू झाले असावे, असे पहिले भाग पाहणाऱ्यास वाटेल. परंतु चित्रण चालू असतानाच पतिपत्नींमधील दुरावा वाढत गेला. व्यवसायानिमित्त बाहेरगावी गेलेला पती घरी परतला, तेव्हा पत्नीने त्यास घटस्फोटाचा निर्णय सांगितला आणि आपल्या वकिलाचे कार्ड त्याच्या हाती दिले. हा सारा प्रसंग कॅमेऱ्यासमोर घडला आणि पुढे सुमारे एक कोटी लोकांनी तो आपापल्या घरी बसून पाहिला.

मालिका दाखविली गेल्यावर देशभर चर्चा माजली. कोणी बापास दोष दिला, कोणी आईस, कोणी मुलांच्या वळणाची टवाळी केली. लाउड कुटुंबीयांनी जाहीरपणे तक्रार केली की, ३०० तासांतून १२ तास निवडताना आमचे हसणे-खेळणे वगळले आणि रुसवेफुगवे तेवढे ठेवले. या तक्रारीत तथ्य किती याचा निवाडा करण्याचे येथे कारण नाही. परंतु एक गोष्ट तेव्हाच ध्यानात यावयास हवी होती. आईबाप प्रौढ होते. हो म्हणण्याचा अधिकार त्यांना होता व त्यांनी तो वापरला. धाकट्या मुलांनी मात्र आईबापांच्या होकारातच आपला होकार घातला. घर मोडेल हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. होकार भरल्या घरासाठी दिला होता. वापरला गेला तो मोडत्या घरासाठी.

आठ लेकरांचे घर

यानंतर छत्तीस वर्षांनी याच नाट्याचा दुसरा प्रयोग झाला, आणि या वेळी तो अधिक करुण होता. कारण या घरातील मुले फारच लहान होती.

पेनसिल्व्हेनिया राज्यातील जॉन व केट गॉसेलिन यांचा विवाह १९९९ साली झाला. २००० साली त्यांना जुळ्या मुली झाल्या आणि १० मे २००४ रोजी एकाच वेळी सहा अपत्ये जन्मास आली. चार वर्षांपेक्षा लहान अशी आठ मुले एका घरात! ज्या मातेने दोन लेकरांचे दुखणे-खुपणे एका रात्री काढले आहे, तिला या घरातील धांदलीची कल्पना सांगावयास नको. शेजारीपाजारी मदतीस आले. वर्तमानपत्रांनी कौतुक केले. आणि २००७ साली 'जॉन अँड केट प्लस एट' या नावाची मालिका सुरू झाली. ती पुढे 'टीएलसी' या वाहिनीवर गेली.

सुरुवातीस मालिकेत आक्षेपार्ह असे काही दिसत नसे. सहा चिमण्या ताटल्या ओळीने मांडणे, सहा जोड मोजे शोधणे, सर्वांना गाडीत बसवून बाजारास नेणे, हे पाहताना लोकांना गंमत वाटे. हे जोडपे चर्चमध्ये जाऊन आपल्या कुटुंबाची कथा सांगे. २००८ साली हवाई बेटांवर दोघांनी आपली विवाहवचने पुन्हा उच्चारली. मुले भोवती उभी होती, आणि कॅमेराही होता. घरात पैसा आला, मोठे घर आले, आणि त्यांच्याबरोबर प्रसिद्धीही आली. प्रसिद्धी हा असा पाहुणा आहे की तो यजमानाच्या सवडीने निघून जात नाही.

२००९ च्या वसंतात पतिपत्नींच्या बेबनावाच्या वार्ता साप्ताहिकांच्या मुखपृष्ठांवर झळकू लागल्या. २५ मे २००९ रोजी मालिकेचा नवा भाग लागला तेव्हा तो पाहणाऱ्यांची संख्या सुमारे ९८ लाख होती. २२ जून रोजी दोघांनी आपण वेगळे होत असल्याचे मालिकेतूनच जाहीर केले. तो भाग पाहणारे सुमारे १ कोटी ६ लाख. घर धडपणे चालले असता जितके लोक पाहावयास येत, त्यांच्या कितीतरी पट लोक ते कोसळताना पाहावयास आले. मालिकेच्या साऱ्या इतिहासात एवढी गर्दी कधी जमली नव्हती.

त्याच भागातील एक गोष्ट आम्हांस विशेष बोचते. त्या दिवशी मुलांना खेळण्यासाठी अंगणात लहान लहान लाकडी घरे आणून बसविली होती. मुले त्या चिमुकल्या घरांत आतबाहेर करीत होती, खिडकीतून डोकावीत होती. आणि त्याच भागात त्यांच्या खऱ्या घराचे दोन तुकडे झाल्याची वार्ता देशाला सांगितली जात होती. दिवस मुलांच्या आनंदाचा म्हणून मांडला होता आणि गर्दी लोटली होती ती आईबापांच्या दुःखासाठी. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर बाजारात त्या दिवशी काय विकले गेले, हे कोणी वेगळे सांगावयास नको.

कॅमेरा थांबवावा, की चालू ठेवावा?

पुढे जे घडले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. मुलांचे चित्त स्थिर राहावे म्हणून एक व्यवस्था ठरली होती: मुलांनी त्याच घरात राहावे आणि आईबापांनी आळीपाळीने येऊन त्यांच्याजवळ राहावे. व्यवस्था समंजसपणाची होती. मुलांनी गाठोडे घेऊन इकडून तिकडे फिरण्यापेक्षा मोठ्यांनी फिरावे, हे कोणालाही पटेल. परंतु आईबापांपैकी कोणीही घरी असो, त्या घरात तिसरा एक जण ये-जा करीतच होता, आणि तो म्हणजे कॅमेरा!

सप्टेंबर २००९ च्या अखेरीस वाहिनीने जाहीर केले की, मालिकेच्या नावातून बापाचे नाव गळेल आणि ती 'केट प्लस एट' म्हणून चालेल. त्यानंतर लगेच जॉन याने आपल्या वकिलामार्फत चित्रण थांबविण्यास सांगितले. घटस्फोट चालू असता मुलांचे चित्रण होणे त्यांच्या हिताचे नाही, असे त्याचे म्हणणे. वाहिनीने ऑक्टोबरात त्याच्यावर कराराचा भंग केल्याचा दावा लावला. १८ डिसेंबर २००९ रोजी घटस्फोट कायम झाला. वाहिनीचा दावा २०१० च्या प्रारंभी आपसांत मिटला. मालिका पुढे आईच्या नावाने २०१० साली परत आली.

बापास हा साक्षात्कार आपले नाव गळाल्यावर झाला, म्हणून त्या वेळी अनेकांनी त्यास टोमणे मारले. त्याचा हेतू शुद्ध होता की नव्हता, हे परमेश्वर जाणे. उलट पक्षी, आठ मुलांचे पोट भरावयाचे तर उत्पन्न बंद करून कसे चालेल, हा आईचा प्रश्नही पोकळ नव्हता. आम्ही त्या दोघांचाही न्याय करावयास बसलेलो नाही. आम्हांस दिसते ते एवढेच की, 'मुलांचे हित' हे शब्द दोन्ही बाजूंच्या तोंडी होते, आणि ज्यांच्या हिताची ही ओढाताण चालली होती ती मुले पाच आणि नऊ वर्षांची होती. त्यांस कोणत्या न्यायालयात उभे राहून 'आम्हांस हे नको' असे म्हणता आले असते?

पुढे जानेवारी २०१४ मध्ये, जुळ्या मुली तेरा वर्षांच्या असताना, त्यांना आईसह दूरदर्शनच्या सकाळच्या एका कार्यक्रमात बसविले होते. तुमचे कुटुंब कसे आहे, असे निवेदिकेने विचारले. मुली काही बोलेनात. आईने शेजारून बोलण्याचा आग्रह केला, तरी काही क्षण दोघी गप्पच राहिल्या. त्या मौनाची वर्तमानपत्रांनी थट्टा केली. परंतु ज्या मुलींच्या बालपणातील प्रत्येक रडणे व हसणे जगाने पाहिले होते, त्यांच्यापाशी स्वतःचे म्हणून जे काही उरले होते ते कदाचित हे मौनच असेल. त्यानंतरच्या वर्षांत कुटुंबाची आणखी विभागणी झाली आणि २०१८ साली सहांपैकी दोन मुले बापाकडे राहावयास गेली.

कायद्याला जाग कशी आली?

मुलांच्या कमाईवर मोठ्यांनी घर चालविल्याची उदाहरणे चित्रपटसृष्टीत जुनीच आहेत. चार्ली चॅप्लिनच्या १९२१ सालच्या 'द किड' या चित्रपटातील तो गोजिरवाणा पोर, जॅकी कूगन, याने लहानपणी लाखो डॉलर मिळविले. सज्ञान झाल्यावर पाहतो तो काय, पैसा बहुतेक खर्च झालेला! त्याने १९३८ साली आपली आई व सावत्र बाप यांच्यावर दावा लावला. हाती आले ते सुमारे १,२६,००० डॉलर. या प्रकरणाने लोकांचे डोळे उघडले आणि १९३९ साली कॅलिफोर्नियात बालकलावंतांच्या मिळकतीचा काही भाग राखून ठेवण्याचा कायदा झाला. त्यास आजही कूगनच्याच नावाने ओळखतात.

परंतु हा कायदा बालकलावंतांसाठी होता. आपल्या घरात, आपल्याच पलंगावर बसून रडणारे मूल 'कलावंत' आहे काय? ते 'काम' करते काय? पेनसिल्व्हेनियाच्या कामगार खात्याने गॉसेलिन मुलांच्या बाबतीत चौकशी केली, आणि या मुलांसाठी परवाने घेणे आवश्यक होते असा निर्वाळा २०१० साली दिला. खटला मात्र भरला नाही. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाच्या एका समितीपुढे सुनावणी झाली, तीत मुलांच्या मामा-मामींनी येऊन साक्ष दिली. नात्यातली माणसे मुलांच्या बाजूने उभी राहिली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. अखेर २०१२ साली त्या राज्याने बालकामगारविषयक कायदा सुधारला. रिअ‍ॅलिटी शोमधील मुलेही त्याच्या कक्षेत आली आणि त्यांच्या मिळकतीतील १५ टक्के रक्कम त्यांच्या नावे विश्वस्तनिधीत ठेवणे बंधनकारक झाले.

यानंतर दूरदर्शन मागे पडून भ्रमणध्वनीवरील चित्रफितींचा काळ आला. आईबापच निर्माते, आईबापच दिग्दर्शक! त्यावरही इलिनॉय राज्याने २०२३ साली कायदा केला व तो १ जुलै २०२४ पासून लागू झाला. मुलांना घेऊन चित्रफिती बनविणाऱ्या आईबापांनी मुलांचा वाटा राखून ठेवावा, न ठेवल्यास सज्ञान झाल्यावर मुलास दावा लावता येतो. कॅलिफोर्नियानेही २०२४ साली याच मार्गाने पाऊल टाकले.

हे सारे कायदे चांगले आहेत. पण वाचकहो, त्यात पैशाचा हिशेब आहे. लाजेचा हिशेब कोणी करावा? पंधरा टक्के रक्कम बँकेत ठेवता येते. गेलेले खासगीपण कोणत्या बँकेत ठेवावे?

मुलाच्या मनात काय चालते?

आईबाप विभक्त होतात तेव्हा मुलाच्या मनात काय येते, हे ज्यांनी अशी मुले जवळून सांभाळली आहेत त्यांस ठाऊक आहे. लहान मूल प्रथम स्वतःलाच दोष देते. मी हट्ट केला म्हणून बाबा रागावले, मी अभ्यास केला नाही म्हणून आई निघून गेली, असे त्यास वाटते. दुसरे म्हणजे, त्यास बाजू घ्यावी लागण्याचे भय वाटते. आईजवळ हसले तर बाबांशी बेइमानी, बाबांच्या गाडीत बसले तर आईचे डोळे भरणार! तिसरे म्हणजे, घरातले बोलणे बाहेर कोणास कळू नये, अशी त्याची धडपड चाललेली असते. शाळेत ते उसने हसते आणि 'आमच्याकडे सगळे ठीक आहे' असे सांगते. हे खोटे त्याच्या दुखऱ्या मनावरचे पांघरूण आहे.

कॅमेरा नेमके हेच पांघरूण ओढून काढतो. शिवाय, जखम भरून येण्यास विस्मृतीची मदत लागते. मोठा झाल्यावर मनुष्य आईबापांच्या भांडणाची धार विसरतो, त्यांच्या मर्यादा ओळखतो आणि क्षमा करतो. पण तो प्रसंग चित्रित होऊन राहिला असेल, आणि जो येतो तो त्यास पुनःपुन्हा दाखवीत असेल, तर विसरावे कसे?

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांची जी संहिता मान्य केली, तीत मुलाचे म्हणणे ऐकून घ्यावे, त्याच्या खासगी जीवनात ढवळाढवळ होऊ नये, आणि आईबाप विभक्त झाले तरी मुलाच्या हिताआड येत नसेल तर दोघांशीही त्याचा संबंध राहावा, ही तिन्ही तत्त्वे आहेत. भारताने ती ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. ज्या देशातील या कथा आहेत, त्या अमेरिकेने मात्र या संहितेस अद्याप अंतिम मान्यता दिलेली नाही.

शलमोन राजाच्या न्यायाची कथा आपल्या घरातील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. एका बालकावर दोन स्त्रिया हक्क सांगत होत्या. राजाने तलवार मागविली व बालकाचे दोन भाग करण्याची आज्ञा दिली. तेव्हा खरी आई म्हणाली की बालक तिलाच द्या, पण मारू नका. आपला हक्क सोडण्यास जी तयार झाली, तिचाच हक्क खरा ठरला. आजच्या कलहात ती तलवार सर्वांपुढे उपसली जाते. आणि मागे कोणी हटावे, हे दोघांपैकी एकाने तरी ओळखावे लागते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली विभक्त झालेल्या आईबापांना हेच कळवळून सांगितले होते: मुलांना ओलीस धरू नका, एकत्र राहणे जमले नाही तरी आईच्या तोंडून बापाविषयी आणि बापाच्या तोंडून आईविषयी मुलांच्या कानी चांगलेच पडू द्या.

आपल्या देशात

आपल्याकडे अजून कोणत्या कुटुंबाचा घटस्फोट अशा रीतीने महिनोन्‌महिने पडद्यावर चालला नाही, ही समाधानाची गोष्ट. लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धा मात्र आपण आवडीने पाहिल्या. २००८-०९ सालची 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' मराठी घराघरांत किती कौतुकाने पाहिली गेली, हे बेळगाव असो की बडोदे, सर्वांच्या स्मरणात आहे. गुणाचे कौतुक व्हावे, यात दोष नाही. पण कौटुंबिक भांडणे पडद्यावर मिटविण्याचे कार्यक्रमही त्याच सुमारास येऊन गेले, आणि २००९ सालच्या 'सच का सामना' या कार्यक्रमात माणसे नातेवाइकांना समोर बसवून आपली गुपिते पैशासाठी उघड करीत. त्यावर संसदेतही आवाज उठला होता.

आपला कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. बालकामगारविषयक नियमांत २०१७ साली जी भर पडली, तीनुसार बालकलावंतास दिवसाला ५ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीवाचून ३ तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मिळकतीतील किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेव म्हणून ठेवावी लागते. आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्यास भाग घ्यावयास लावता येत नाही.

न्यायालयातही पडदा आहे. ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात बंद दाराआड सुनावणी करण्याची तरतूद पहिल्यापासून आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यातही पक्षकाराची इच्छा असल्यास तशीच सोय आहे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे मुलाच्या कल्याणाचा विचार न्यायालयास करावा लागतो, आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची पसंतीही विचारात घेता येते. ज्यांनी हे कायदे केले, त्यांनी एक शहाणपण जाणले होते: कुटुंबाचे दुःख ऐकावयाचे असेल तर आधी दार लोटून घ्यावे.

आपल्या दारी

कोणी म्हणेल, आम्ही खेड्यातील माणसे. आमच्या घरी कोणती वाहिनी येणार? पण वाहिनी आता प्रत्येकाच्या खिशात आहे. नवराबायकोचे बिनसले की माहेरची माणसे भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करून ठेवतात. 'स्टेटस'वर टोमणे चढतात. लहानग्याला पुढे बसवून, 'सांग, बाबा तुला काय बोलले?' असे विचारून त्याचे उत्तर चित्रित करतात आणि नातलगांच्या गटात पाठवितात. त्यास कोणा जिल्हा दंडाधिकाऱ्याची परवानगी लागत नाही, आणि ते पाहणारे कोटभर नसले, चाळीसच असले, तरी त्या मुलास उद्या त्याच चाळीस माणसांत वावरावयाचे असते.

म्हणून आमच्या वाचकांस काही गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. मुलाच्या तोंडी एकाचा निरोप दुसऱ्यास धाडू नये. निरोपाबरोबर त्यातला रागही मुलाच्या हाती जातो. 'तू कोणाचा, आईचा की बाबांचा?' हा प्रश्न थट्टेनेही विचारू नये. रडत्या मुलाचे चित्रण करू नये. रडत्या मुलास जवळ घ्यावे. घरात जे घडले ते मुलास त्याच्या वयाला पेलेल एवढेच, पण खरे सांगावे, आणि 'यात तुझा काही दोष नाही' हे एकदा सांगून न थांबता वरचेवर सांगावे. आजी-आजोबा, मामा-मामी, काका-काकू, धर्मबाप व धर्ममाय यांनी वकिली करू नये. मुलास तासभर निवांत बसता येईल असे एक घर त्यांनी उघडे ठेवावे. शेजाऱ्यांनी दुसऱ्याच्या घरची चित्रफीत आली तर ती पुढे पाठवू नये. पाहणारा नसेल तर तमाशा किती वेळ चालेल? १ कोटी ६ लाख लोक जमले नसते, तर त्या जून महिन्यात गॉसेलिन कुटुंबाचे दुःख दाखविण्याजोगे कोणास वाटले असते?

मात्र एक इशाराही येथेच देऊन ठेवतो. घरात मारहाण होत असेल, मुलावर अत्याचार होत असेल, तर झाकली मूठ ही म्हण तेथे लागू नाही. तेथे मूठ उघडलीच पाहिजे. पोलिसांकडे, १०९८ या बालसाहाय्य दूरध्वनीवर, जबाबदार वडीलधाऱ्यांकडे आणि धर्मगुरूंकडे गेलेच पाहिजे. गुप्तता आहे ती मुलाच्या संरक्षणासाठी, अपराध्याच्या संरक्षणासाठी नव्हे. मदत मागणे निराळे आणि बोभाटा करणे निराळे, एवढा विवेक आपणा सर्वांस ठेवता येईल.

लाउड कुटुंबाची कथा आम्ही वर अर्धीच सांगितली. त्या घरचा थोरला मुलगा लान्स पन्नाशीत असाध्य आजाराने खंगला आणि डिसेंबर २००१ मध्ये निवर्तला. आईवडिलांनी पुन्हा एकत्र राहावे, अशी इच्छा त्याने मरणापूर्वी व्यक्त केली होती. घटस्फोटास तेव्हा जवळजवळ तीस वर्षे होत आली होती. तरीही बिल व पॅट यांनी मुलाचा शब्द राखला आणि ते एका घरात राहू लागले. बिल २०१८ साली आणि पॅट २०२१ साली वारली.

त्या मालिकेच्या बारा भागांत कोणी त्या मुलाला विचारले नव्हते की, आईबापांनी काय करावे असे तुला वाटते? त्याने उत्तर दिले ते मरणशय्येवर. मुलाच्या मनातील ही इच्छा पन्नास वर्षांच्या वयातही जिवंत असते, एवढे ज्या आईबापांच्या ध्यानात राहील, ते भांडतानाही आपला आवाज आवरतील. निदान मूल जागे आहे की झोपले आहे, हे पाहून दार तरी लावून घेतील.